सहा माणसं आणि महिन्याला ७,५००: किराणा, दूध, भाजी कशी बसवू?

पिंप्राळ्याची सून

नमस्कार. घर जळगावात, पिंप्राळ्याकडे. माणसं सहा. आम्ही दोघं, सासूबाई (त्यांना शुगर आहे), मुलगा नववीत, मुलगी तिसरीत, आणि नणंदेचा मुलगा. तो शहाद्याकडचा, आयटीआयसाठी आमच्याकडे राहतो. मिस्टर ट्रान्सपोर्टच्या गाडीवर आहेत. फेरी लागली तर पैसा, नाही लागली तर गाडी पुसत बसायचं. मालकाने भत्ता कापल्यापासून आम्ही ठरवलं की किराणा, दूध आणि भाजी मिळून ७,५०० च्या वर जायचं नाही. ठरवायला काय जातं! वही उघडली तर गेला महिना ८,७०० वर गेलेला.

वहीत आहे तसंच लिहिते. कुणी हसलं तरी चालेल.

दूध रोज एक लिटर, ६० ने १,८००. भाजी रोजची ७० धरली तर २,१००, आणि त्या ७० मध्ये दोन्ही वेळचं भागवायचं. तेल सोयाबीनचं, पाच पाकिटं, ७५०. तूरडाळ ४ किलो ४८०. गहू १५ किलो ५१०, ज्वारी १० किलो ४५०. साखर ५ किलो २२०, चहापत्ती २५०, शेंगदाणे २ किलो २६०, चणाडाळ-बेसन मिळून १८०. साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट ६००. पोरांच्या पुड्या, म्हणजे वेफर्स, बिस्किटं, ते केशरी रंगाचं काय असतं ते, याचा हिशोब मी कधी लिहीतच नव्हते. या वेळी लिहिला, ७०० निघाले. उरलेले ४०० पोहे, मीठ, चटणी, मसाला, खोबऱ्यात गेले.

रेशन मिळतं. केशरी कार्ड, प्राधान्यमध्ये आहे, पाच नावं, २५ किलो फुकट. पण आमच्या दुकानावर गहू थोडका आणि तांदूळच फार. सासूबाई तो तांदूळ खात नाहीत. धुताना त्यातले काही दाणे वर तरंगतात, म्हणून त्यांच्या मते तो प्लास्टिकचा. गल्लीत टेम्पो येतो, तांदूळ तोलून घेतो आणि रोख पैसे देतो. अर्धी गल्ली देते. मी अजून दिला नाही, पण मोह होतो खरं सांगायचं तर.

खाणाऱ्यांचं सांगायचं तर मुलीला शाळेत खिचडी मिळते. ती आठवीपर्यंतच, त्यामुळे मुलाला नाही. तो साडेपाचला घरी येतो आणि चपला काढायच्या आधी डबे उघडून बघतो. भाचा त्याच्याहून वरचढ. वाढत्या वयाची पोरं आहेत, त्यांच्या ताटाकडे बघून हात आखडता घ्यायला मला जमत नाही.

मिस्टर म्हणतात दूध अर्धा लिटर कर. मी म्हणते तेल कमी करू, तर सगळ्यांना रश्श्यावर तर्री दिसली पाहिजे. नाहीतर ‘आज रस्सा केला की पाणी गरम केलं?’ हे ऐकायचं. रोज खिचडी करा असा सल्ला कृपया देऊ नका, ती आधीच आठवड्यातून तीनदा होते. नेमका हात कुठे घालू ते सांगा.

दाणाबाजार

ताई, मी दाणाबाजारात एका होलसेल दुकानात मापावर असतो. तुमच्या वहीत मला पहिल्यांदा तेल दिसलं. पाच पाकिटं म्हणता, पण पाकीट कितीचं? एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. किलोभर नाही. आणि आता ८५०, ८००, ७५० ग्रॅमची पाकिटंही तशीच दिसणारी येतात. गिऱ्हाईक विचारतं ‘एक पिशवी कितीला’, आणि जी ४ रुपयांनी स्वस्त ती उचलतं. आत १०० ग्रॅम कमी असतं. डब्याचंही तसंच आहे. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. १५ लिटरमध्ये साडेतेरा किलोच्या जरा वर तेल बसतं. डब्यावर डबा म्हणून भाव करू नका, किलोवर करा. पाकिटावर हल्ली प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि दर छापावाच लागतो. बारीक अक्षरात एमआरपीच्या आसपास असतो. तो वाचायचा, बाकीचं चित्र-बित्र सोडून द्या.

मोठं पाकीट स्वस्तच असतं हेही डोक्यातून काढा. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. चहाचंही ताडून बघा.

तूरडाळ ४८० ची घेता, ती फटका असणार, मोठी, चकचकीत. आपल्या गावात दालमिल इतक्या आहेत की डाळीचा तुकडा कुठेही मिळतो. तीच तूर, मशीनवर मोडलेली. किलोमागे बराच फरक पडतो आणि शिजतेही लवकर. वरणात डाळ घोटायचीच आहे, मग दाणा अख्खा कशाला हवा? फक्त घेताना मुठीत घेऊन बघा. भुकटी जास्त असेल, वास येत असेल तर नको.

खोबरं हाताला चटका देतं. आमच्याकडे बायका मसाल्याला पाव किलो मागायच्या, आता ५० ग्रॅम मागतात. कांदा काळा होईपर्यंत भाजा, खोबऱ्याच्या जागी मूठभर डाळवं किंवा शेंगदाणे भाजून वाटा. घट्टपणा येतो. खानावळवाले दुसरं काही करत नाहीत.

सुटं तेल मात्र कुणी कितीही स्वस्त देऊ करो, घेऊ नका.

यावलची मावशी

अगं माय, तू पहिलं काम कर. नवऱ्याला सांग, दूध कापायचं नाही, चहा कापायचा. एक लिटरमधलं पोरांच्या पोटात किती जातं ते एक दिवस मोजून बघ. सहा माणसांचा दोन-तीन वेळचा चहा, वर आल्या-गेल्याचा. सकाळचा दुधाचा ठेव, बाकीचा कोरा. साखरही वाचेल, चहापत्तीही. तुझ्या सासूच्या शुगरला तर तेच बरं. आणि उरलेल्या दुधाला विरजण लाव. दही झालं की कढी आली, कढी आली की एका वेळच्या भाजीचा प्रश्न मिटला.

आता भाजीचं. तुझे सगळ्यात जास्त पैसे भाजीत जातात आणि तू हात तेलाला लावतेस! आपल्याकडे भाजी रोज कधी होती गं? आमच्या घरी अठरा माणसं जेवायची. डाळ असायची, बेसन असायचं, मिरची असायची. भाजी आली तर आली.

कळण्याची भाकरी करतेस का? सासूला विचार, त्यांना माहीत असेल. चार किलो ज्वारीला एक किलो काळे उडीद, सालीसकट, आणि मूठभर मीठ. सगळं एकत्र दळून आण. आता हिशोब कर. ज्वारी तुला ४५ ने पडते, उडीद १०० च्या आसपास धर. कळणं झालं किलोला ५६. नुसत्या ज्वारीपेक्षा ११ रुपये जास्त. एका वेळेला तुम्हाला किलोभर पीठ लागत असेल. पण त्या रात्री भाजी करायची नाही. ठेचा, कांदा, वरून चमचाभर कच्चं तेल, बस. तुझ्या ३५ रुपयांच्या भाजीत ११ घालवले, बाकीचे वाचले, आणि पोटात डाळसुद्धा गेली. ज्वारी हल्ली गव्हापेक्षा महाग झाली हे मलाही दिसतं, म्हणून नुसत्या ज्वारीवर पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही. कळण्यावर वाचतात.

दुसरं म्हणजे डुबुकवडे. तुमच्या घरात तर्री पाहिजे ना, मग हेच कर. दीड वाटी बेसन, त्यात चटणी, हळद, मीठ, ठेचलेला लसूण, थोडा ओवा, आणि पाणी इतकंच की पीठ हातातून ओघळलं नाही पाहिजे, पण घट्ट गोळाही नको. मसाला परतून रस्सा टाक, पातेलं मोठं घे. रस्सा खळखळ उकळला पाहिजे. इथेच पोरी घाई करतात. उकळी मंद असली की वडा फुटतो आणि पिठलं होतं. तीन बोटांनी थोडं थोडं पीठ सोडायचं. वडा बुडतो, जरा वेळाने आपसूक वर येतो. सगळे वर आले की पाच मिनिटं झाकण ठेवून मंद कर, आतलं पीठ शिजतं. मोडून बघ, मध्ये पांढरं दिसायला नको. दीड वाटी बेसनात सहा माणसं भाकरी कुस्करून जेवतात, आणि वर तर्री आहेच, कारण तेल वड्यात जात नाही, वरच राहतं. नेहमीपेक्षा पळीभर कमी घातलंस तरी कुणाला कळणार नाही. वडे तळायचे नाहीत हे लक्षात ठेव, नाहीतर मला नाव ठेवशील.

फुनके कढीबरोबर. तूर आणि चणाडाळ भिजव, जाडसर वाट, कांदा-मिरची-लसूण घाल, मुटके करून चाळणीवर वाफव. दाणाबाजारवाले भाऊ म्हणतात तो तुकडा याला चालतो.

भाजी घ्यायचीच तर दिवस बघून घे. हिवाळ्यात भरताचं वांगं आपल्याकडे मातीमोल होतं. आमच्या बामणोदच्या बाजूची हिरवी-पांढरी वांगी आली की आठवड्यातून दोनदा भरीत कर. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, टाकळा, अंबाडी. निसायला वेळ लागतो, पण भाचा आहे ना घरात, बसव त्याला. हात आहेत त्याला. आमच्या यावल-रावेरकडे कच्ची केळी आणि केळफूल शेतात नुसतं पडलेलं असतं. कुणी ओळखीचं येत-जात असेल तर सांग आणायला. कच्च्या केळीची भाजी बटाट्यापेक्षा काय वाईट?

आणि त्या भाच्याचं. नणंद शहाद्याकडे म्हणतेस. शेत आहे का त्यांचं? असेल तर दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, एक पोतं आणि थोडी तूर येऊ दे की तिकडून. पोरगं तुझ्याकडे जेवतं, यात लाजायचं काय? तू तोंड उघडू नको, सासूला फोन करू दे. तिच्या लेकीला तिनेच सांगितलेलं बरं.

वर्षाचं धान्य एकदम भरायला तुझ्याकडे पैसा नसणार, म्हणून मी ते सांगत नाही. पण शेजारच्या दोघींना धर. मार्च-एप्रिलला गहू येतो, त्याच्या थोडं आधी दादर. तेव्हा एक क्विंटल घेऊन तिघींत वाटा. कोठीला कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. गव्हात टाकायच्या त्या विषारी गोळ्या मात्र घरात आणू नको, कुणी फुकट दिल्या तरी. दमट हवेने त्यातून वायू सुटतो आणि कोठी झोपायच्या खोलीत असली की माणूस झोपेतून उठतच नाही. दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येतं.

धुळ्याचा भाऊ

मावशी, बठ्ठं खरं शे! (सगळं खरं आहे!)

एक भर टाकतो. वाढत्या पोरांना सोयाबीनच्या वड्या द्या. शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रथिनं असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, म्हणजे तो वास जातो. पिळल्या नाहीत तर पोरं एकदाच खातात, पुन्हा नाही. मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका. आमच्याकडे एक पोरगा कित्येक दिवस मटण समजून खात होता. नंतर समजलं, तेव्हा चिडला, पण तोवर ताटात काही उरत नव्हतं.

पाचोऱ्याचा दादा

मी रेशनचं काम जवळून पाहतो, म्हणून लिहितो.

तो तांदूळ प्लास्टिकचा नाही. तुम्हाला मिळालेल्या रेशनच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळलेले आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून ते दाणे मशीनवर तयार करतात. आकार तांदळासारखा, पण रंग थोडा वेगळा आणि वजनाला हलके, म्हणून काही तरंगतात. सासूबाईंना सांगा की तरंगणारे दाणे वेचून फेकले तर नेमकं औषधच फेकलं जातं. पाच-पाच पाण्यांनी धुऊ नका, एक-दोन पाणी पुरे. भात पेज काढून करत असाल तर तेही नको, बेताच्या पाण्यात शिजवा. आजींना शुगर आहे, त्यांना भात न देता भाकरी द्या, ते वेगळं. पण घरातल्या मुलीला आणि तुम्हाला हा तांदूळ चांगला आहे. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, ते कुणाला नवीन नाही.

टेम्पोवाल्याला तांदूळ देऊ नका. रेशनचं धान्य विकणं हा गुन्हा आहे आणि चौकशी लागली की टेम्पो पळतो, कार्ड तुमचं अडकतं. शिवाय तो देतो त्या पैशात तुम्हाला बाजारातला तितका तांदूळ येणार नाही.

भाच्याचं नाव गावच्या कार्डावर असेल. ते कार्ड प्राधान्य गटात असेल तर त्याच्या वाट्याचे ५ किलो तो जळगावातल्या कुठल्याही दुकानावर अंगठा लावून घेऊ शकतो. बाकीच्यांचं धान्य गावाला मिळतच राहतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ म्हणतात ते हेच. फक्त त्याचं आधार रेशन कार्डाशी जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं पाहिजे. तुमच्या घरातल्याही सगळ्यांचं झालंय का ते बघून घ्या, आजींचा अंगठा उमटत नाही अशी तक्रार फार असते. दुकानदार ‘बाहेरगावचं चालत नाही’ म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. आणि प्रत्येक वेळी मशीनची पावती मागा. त्यावर गहू किती, तांदूळ किती ते छापलेलं असतं. हातात आलेलं त्याच्याशी जुळवा.

भुसावळची नोकरदार

मावशींचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण एक सांगू? हे सगळं करणारी बाई दिवसभर घरात लागते. मी आठला घर सोडते आणि सातला येते. सहा माणसांच्या भाकऱ्या रात्री थापायच्या म्हणजे पाऊण तास शेगडीसमोर, आणि गॅसचा हिशोब या वहीत दिसतच नाही. भाकरीला एक शेगडी मोठ्या आंचेवर अडकलेली असते. सिलिंडर दहा दिवस आधी संपला तर कळण्यात वाचवलेलं तिथे गेलं.

मी बट्टीवर आले आहे. गहू जाडसर दळून आणायचा, त्यात थोडा मका. हळद, ओवा, मीठ, चमचा-दोन चमचे तेलाचं मोहन. मोठे गोळे कुकरला वाफवून घ्यायचे, वरच्या डब्यात गोळे आणि खालच्या भांड्यात डाळ, एकाच गॅसवर. थंड झाले की काप करायचे. लोक ते तुपातेलात तळतात, ते सणाला. एरवी मी जाड तव्यावर थोडं तेल सोडून दोन्हीकडून लाल करते. वाफवलेले गोळे दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतात. डाळीबरोबर खा, नाही तर सकाळी पोरं चहाबरोबर संपवतात. रेशनचा गहू याला उत्तम.

पुड्यांच्या ७०० बद्दल कुणीच बोललं नाही, याचं नवल वाटलं. तिथेच तर जागा आहे! पण ‘पुड्या बंद’ असं जाहीर केलंत तर मुलगा बाहेर खाईल. त्याला साडेपाचला समोर काहीतरी गरम पाहिजे. तुमच्याकडे फुकटचा तांदूळ पडून आहे. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीदडाळ, थोडे मेथीदाणे, भिजवून वाटून ठेवा. एक दिवस इडली, पुढे दोन दिवस धिरडी. तवा तापवून धिरडं घालायला दोन पोरांपैकी कुणीही शिकू शकतं. माझा सातवीतला घालतो. आकार नकाशासारखा येतो, पण खातो. बरोबर शेंगदाण्याची चटणी. एखाद-दुसरं बिस्किट चालू द्या, त्याने काही घर बुडत नाही.

कांदा मात्र एप्रिल-मेमध्ये घ्या, उन्हाळी. तो चार-पाच महिने टिकतो, जाळीच्या पिशवीत हवेशीर ठेवायचा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवायच्या भानगडीत पडू नका, सडतो. रात्री बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते हे खरं, पण पालेभाजी त्या वेळी घेऊ नये. अर्धी निसून फेकण्यात जाते. भोपळा, गिलकी, वांगी, कोबी घ्या.

पिंप्राळ्याची सून

सगळ्यांचे आभार. दाणाबाजारवाले दादा, पाकीट उलटं करून बघितलं. ८५० ग्रॅम आहे! आजवर मी त्याला किलोच म्हणत होते, दुकानदारही म्हणत होता.

सासूबाईंना तांदळाचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘सरकार तांदळात औषध घालतं तर आधी सांगत का नाही?’ मला यावर उत्तर नव्हतं. पण धिरडी करायला हो म्हणाल्या. स्वतः खाणार नाहीत, पोरांना करून देतील म्हणे. तेवढं पुरे.

भुसावळच्या ताई, गॅसचं बरोबर आहे. मी घरातच असते, दुपारी शिवणाची मशीन चालवते, म्हणून भाकरीला वेळ निघतो. पण रोज नाही. कळणं आठवड्यातून दोनदा, डुबुकवडे एकदा, बट्टी एकदा असं धरून बघितलं. भाजी २,१०० वरून साधारण १,६०० वर यावी. त्यात बेसन, उडीद वाढतील. पुड्या ७०० च्या २०० वर. भाच्याचे ५ किलो मिळाले, त्यात गहू आला तर थोडा गहू कमी. मिस्टरांनी दुधाचा हट्ट सोडला आहे, पण दुपारचा चहा कोरा करायचा म्हटल्यावर गप्प झालेत. बघू.

मावशी, नणंदेला सासूबाईंनीच फोन केला. त्या आधी ‘माझ्या लेकीकडे मागायचं?’ म्हणून फुगून बसल्या होत्या. मग मी काही बोललेच नाही. संध्याकाळी त्यांनीच नातवाला नंबर लावायला सांगितला. नणंद म्हणाली, मी तर केव्हाची पाठवणार होते, वहिनीला वाईट वाटेल म्हणून थांबले. दादर येतेय.

आता एक अडचण. आमचा गिरणीवाला कळणं दळायला नाही म्हणतो. उडदाने जातं चिकटतं, मागून येणाऱ्याच्या गव्हाला वास लागतो म्हणतो. काय करू?

यावलची मावशी

त्याचं खोटं नाही. उडीद ओलसर असले की चिकटतात. आधी उडीद दोन दिवस कडक उन्हात घाल, दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग ज्वारीत नीट कालवून ने, वेगवेगळ्या पिशव्या नेऊ नको. आणि पाच किलोतली अर्धा किलो नुसती ज्वारी बाजूला काढून ने, ती शेवटी टाकायला सांग, जातं साफ होतं. ते पीठही तुझ्याच डब्यात पडतं, वाया काही जात नाही.

तरी नाही म्हणाला तर त्याची गिरणी बंद करायची वेळ विचार आणि शेवटचं दळण तुझं लाव. मागे कुणी नसलं की त्याला काय हरकत?

दाणाबाजार

मावशी म्हणतात तेच. आणि ताई, उडीद घेताना काळे अख्खेच मागा. ‘कळण्याला पाहिजेत’ एवढं सांगितलं की दुकानदाराला कळतं. नवे उडीद पोळ्याच्या पुढेमागे यायला लागतात. तेव्हा भाव उतरला तर तीन-चार किलो एकदम घेऊन ठेवा, सालीसकट असल्याने डाळीपेक्षा बरे टिकतात.

पिंप्राळ्याची सून

शेवटचं दळण लावते. तो साडेआठला बंद करतो, आजच विचारून आले. ‘उडीद वाळलेले नसतील तर परत पाठवीन’ म्हणाला, म्हणून ते गच्चीवर घातलेत, आणि राखणीला भाच्याला बसवलंय.